जामाचा वास

आमचे सर वास घ्यायचे. कशाचाही घ्यायचे. पेपर आला की आधी वास, मग बातम्या. चहाचा कप तोंडाला लावायच्या आधी नाकाखालून दोनदा फिरवायचे. मी डबा उघडला की टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाहून सांगायचे, बाई, आज चटणीत जवस आहे आणि जरा जास्त भाजलंय. सुरुवातीला मला मोठा राग यायचा. माणसानं दुसऱ्याच्या डब्यात नाक घालू नये, एवढं तर शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही समजतं. पुढे पुढे लक्षात आलं की त्यात आगाऊपणा नव्हता. कोणी चष्म्यातून बघतं, तसे ते नाकातून बघत होते.

बाजाराच्या दिवशी मी गोरेगावातून होऊन कामावर गेले की ते मला दारातच थांबवत. मासळीजवळ उभ्या होतात, चोरखमाऱ्याच्या तलावातली ताजी मासळी दिसते आहे, वगैरे. मी म्हणायची, सर, मी मासे खात नाही, नुसती मैत्रिणीसोबत उभी होते. ते म्हणायचे, मी कुठे म्हटलं खाल्ली म्हणून. असा माणूस. त्याच्याशी भांडून उपयोग नाही, कारण तो चुकायचा नाही.

मी गोंदियाकडच्या कामठ्याची. बीएस्सी झाली, लग्न काही जमत नव्हतं, आणि गोरेगावजवळ एका कंपनीच्या चाचणीच्या प्लॉटवर लॅबमध्ये बाई पाहिजे असं कळलं. स्कूटीवर गेले. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मधोमध दुहेरी जाळीचं कुंपण घातलेला एक तुकडा. आत पेरूची झाडं. आमच्या भागात पेरूला जाम म्हणतात. सर देशावरचे, ते शेवटपर्यंत पेरू म्हणाले आणि आम्ही शेवटपर्यंत जाम.

हे जाम साधे नव्हते. पेरूच्या बागेला मर लागते. हिरवंगार झाड पावसाळा सरता सरता पिवळं पडतं आणि उभ्या उभ्या वाळतं. उपटून पाहिलं तर मुळं सडलेली. एकदा लागली की औषध लागू पडत नाही. सरांनी तरुणपणी प्रयोगशाळेत पेरूच्या पेशीत बाहेरचा एक जीन घातला होता, आणि त्या पेशीपासून वाढवलेलं झाड मरीला दाद देत नव्हतं. त्याच्या शेजारी खुणेसाठी म्हणून आणखी एक जीन जोडलेला. पानाचा तुकडा एका औषधात बुडवून ठेवला की दुसऱ्या दिवशी तो निळा व्हायचा. निळा झाला म्हणजे घातलेला जीन आत आहे आणि काम करतो आहे. माझं काम तेच, पानं आणायची, बुडवायची, निळं मोजायचं.

प्लॉटवर प्रश्न एकच होता. त्या पहिल्या झाडाच्या फांदीला गुटी बांधून नवं झाड करायचं, त्या झाडाच्या फांदीपासून आणखी एक, असं पिढी दर पिढी जात राहिलं तर आत घातलेला जीन टिकतो का? टिकला तर पुढची मोठी चाचणी, मग कधीतरी शेतकऱ्याच्या बागेत. नाही टिकला तर प्लॉट बंद, आणि परवानगीच्या अटीप्रमाणे एकूण एक झाड मुळासकट उपटून जाळून टाकायचं. हे सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, गॅस बंद कसा करायचा ते सांगावं तितक्या साधेपणानं. मला वाटलं, या माणसाला काही वाटत नाही.

झाडांना नंबर होते, पण सर नंबर वापरत नसत. पहिलं झाड आजी. तिच्या गुट्यांची झाडं म्हणजे मुली. मुलींच्या गुट्यांची ती नाती. ‘नाती म्हणतो ते आपल्या सोयीला,’ असंही वर सांगायचे. ‘फांदी तोडून दुसरीकडे लावली म्हणून झाड दुसरं होत नाही. ही सगळी आजीच आहे, निरनिराळ्या खड्ड्यांत उभी.’ असं काही बोलले की स्वतःच थोडे घाबरल्यासारखे दिसत आणि कोपऱ्यातल्या बादलीत हात धूत.

त्यांचं एक पालुपद होतं. असणं वेगळं, बोलणं वेगळं. कधी कधी जीन झाडाच्या आत असतो, पण काम करायचा बंद होतो. गप्प बसतो. पान निळं होत नाही. अशा वेळी दुसरी चाचणी करायची, त्यात काचेखाली एक पट्टी उमटते. पट्टी आली म्हणजे जीन आहे पण बोलत नाही. पट्टीच नाही म्हणजे तो नाहीच. सरांनी हे मला इतक्या वेळा सांगितलं की पुढे ते कशालाही लागू झालं. ट्रान्सफॉर्मर उभा आहे पण वीज नाही, म्हणजे आहे, पण बोलत नाही. तलाठी ऑफिसात बसला आहे पण काम करत नाही, तेही तेच. एकदा मी सहज विचारलं, सर, तुमचा मुलगा बाहेरदेशी असतो ना? ते म्हणाले, ‘आहे. पण बोलत नाही.’ मी हसले. मग लक्षात आलं की हसायचं नव्हतं.

आता सरांचंही तसंच आहे. नंबर माझ्याकडे आहे. लावला की वाजतो. उचलत नाहीत.

जाळीच्या दाराशी पाण्याचं टाकं होतं. आत जाताना चपला धुवायच्या, बाहेर पडताना पुन्हा धुवायच्या. खिसे उलटे करून दाखवायचे. बायकांनी पदर झटकायचा आणि केसांतून फणी फिरवायची. एवढं सगळं अटींत लिहिलेलं नव्हतं, बरंचसं सरांनी मनानं वाढवलेलं होतं. गावातली एक शेळी एकदा कशी कोण जाणे आत शिरली आणि मुलीची चार पानं खाऊन गेली. सर त्या शेळीच्या मालकाच्या अंगणात खुर्ची टाकून बसले आणि तिच्या लेंड्या गोळा करून आणल्या. पानातून काही पसरत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, मला ठाऊक आहे, गावाला नाही, उद्या गाव विचारेल तर सांगता आलं पाहिजे. गावानं मात्र तेव्हापासून त्यांना लेंडीसाहेब हे नाव ठेवलं, ते काही गेलं नाही.

पण सगळ्यात वाईट काम फुलांचं. बाहेरच्या झाडांवर परागकण जाऊ नयेत म्हणून एकही फूल उमलू द्यायचं नव्हतं. बहार आला की पहाटेच आम्ही सगळ्या रांगेत आणि सर पुढे, कळी दिसली की खूड. पांढऱ्या कळ्यांच्या टोपल्या भरायच्या आणि खड्ड्यात जाळायच्या. दर बहाराला. त्या झाडांनी एक फळ धरलं नाही कधी. सरांनी स्वतःच्या झाडाचा पेरू चाखलेला नव्हता, कसा लागतो ते त्यांना माहीत नव्हतं. एकदा वरच्या ऑफिसातून एक मोठे साहेब आले. त्यांनी सगळी रांग पाहिली आणि विचारलं, ‘वो सब ठीक है, फल कहाँ हैं?’ सरांनी त्यांना अर्धा तास समजावलं. ते ऐकून घेऊन गाडीत बसताना पुन्हा म्हणाले, ‘मगर फल तो होना चाहिए था.’

फुलं खुडायला गावातल्या बायका यायच्या आणि सोडून जायच्या. लेकुरवाळ्या बायकांनी फळझाडाचं फूल तोडू नये, पाप लागतं. देवकाबाई एकटी कायम टिकली. वय झालेलं, नवरा गेलेला, लेकी सासरी. ती म्हणे, मले आता का पाप लागते, लागाचं थे लागून गेलं. सरांनी तिला गुटी बांधायला शिकवलं. फांदीची साल बांगडीसारखी गोल काढायची, त्यावर ओलं शेवाळ लावायचं, वरून प्लास्टिक गुंडाळून दोन्हीकडून आवळायचं. पावसाळ्यात मुळ्या फुटल्या की फांदी खालून कापायची आणि लावायची. देवकाबाईचा हात असा बसला की सर तिच्या गुटीचाही वास घ्यायचे आणि मान हलवायचे. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कोणाला मिळाली नाही. तिनं मग घरच्या अंगणातल्या जामालाही गुट्या बांधायला सुरुवात केली. शेजारणींना द्यायची.

सरांचं जेवणाचं एक दुःख होतं. त्यांना भाकरी लागायची आणि आमच्याकडे दोन्ही वेळा भात. देवकाबाई त्यांच्यासाठी कुठून तरी ज्वारीचं पीठ मिळवायची आणि जाडजूड, फाटक्या कडांची भाकरी थापायची. ती भाकरी बघून मला हसू यायचं. सर मात्र तिचा वास घेऊन डोळे मिटायचे. बहुधा गावाकडचं काहीतरी आठवत असावं. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

वासाचं त्यांनी मलाही शिकवलं. पान चुरगळायचं, नाकाशी धरायचं, आणि तोंड थोडं उघडं ठेवायचं. अंगणातल्या गावरान जामाचं पान नाकाला झोंबतं, कैरीच्या चिकासारखं. आजीच्या पानाचा वास मऊ, तळाशी जरा गोडसर, पावसात भिजून वाळलेल्या पोत्यासारखा. ऐकायला घाणेरडं वाटेल, पण एकदा कळलं की विसरत नाही. नव्या गुटीचं झाड रांगेत लागलं की सर त्याचं एक पान चुरगळायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, ‘आपलं.’ तेवढं झालं की ते झाड घरात आलं. पुढच्या चाचण्या त्यानंतर.

मग ते वर्ष आलं ज्या वर्षी सगळीकडे माणसं मरत होती. उन्हाळ्यात सर आजारी पडले. गोंदियाच्या दवाखान्यात जागा मिळाली, ऑक्सिजन लावला. आमच्या घरीही सगळे आडवे होते, मी कामठ्याच्या बाहेर पडू शकले नाही. प्लॉटची चावी देवकाबाईकडे. ती एकटी पाणी घालायची. नातींची रांग नुकतीच लागलेली, कोवळी, आणि वरून तो उन्हाळा.

सर परत आले ते पावसाळ्यात. अर्धे झाले होते. गाडीतून उतरले ते घरी न जाता थेट प्लॉटवर. दारातल्या टाक्यात चपला धुताना त्यांचा तोल गेला, मी धरलं. नातींची रांग पूर्ण होती. एकही झाड गेलं नव्हतं. सरांना विश्वास बसेना. त्यांनी देवकाबाईकडे पाहिलं आणि हात जोडले. ती पदर तोंडाला लावून मागे सरकली. मग ते रांगेतून गेले, एकेका झाडाचं पान चुरगळत, नाकाशी धरत. आपलं. आपलं. आपलं. प्रत्येक झाडापाशी थांबून म्हणाले. मी मागून चालत होते आणि मला रडू येत होतं, आनंदानं. सर जगले, रांग जगली. आता मोठी चाचणी होणार.

त्यानंतरच्या काही गोष्टी मला तेव्हाच कळायला हव्या होत्या असं नाही म्हणणार मी. कोणाला कळल्या असत्या? एकदा चहाचं दूध नासलं होतं. आम्ही सगळ्यांनी थुंकून टाकलं. सरांनी कप नेहमीसारखा नाकाखालून दोनदा फिरवला आणि सगळा चहा पिऊन टाकला, म्हणाले, छान झालाय. मला वाटलं, आजारपणानंतर माणूस मवाळ होतो. लॅबच्या मागे उंदीर मरून पडला, आम्ही नाकाला पदर लावून फिरत होतो आणि सर तिथंच बसून वाचत होते. मी डबा उघडला की पूर्वीसारखे बोलायचे, पण आता म्हणायचे, वा, मस्त. काय आहे ते सांगायचे नाहीत.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता नातींच्या रांगेतलं एक झाड पिवळं पडलं.

मी ते आधी पाहिलं. पिवळं पडलं, मग पानं लोंबली, आणि दिवाळीच्या आत ते वाळून कोळ झालं. शेजारी आणखी एकाला तेच. मर. ज्या झाडाला मर लागायची नाही म्हणून एवढं सगळं, त्या झाडाला मर. मी पानं घेतली, बुडवली. आजीचं पान दुसऱ्या दिवशी निळं झालं, मुलींचं झालं, बहुतेक नातींचं झालं. त्या दोघींचं आणि अजून थोड्यांचं पान पांढरंच राहिलं. धुवून पुसून ठेवल्यासारखं पांढरं. मग मी पट्टीची चाचणी केली. पट्टी नाही. परत केली. नाही.

मी सरांकडे गेले. सांगितलं की हे जीन गप्प बसल्याचं प्रकरण नाही. गप्प बसला असता तर पट्टी आली असती. या झाडांत तो कधी नव्हताच. म्हणजे ही आपली झाडंच नाहीत. कुठंतरी अदलाबदल झाली आहे, आपण शोधू, देवकाबाईला विचारू.

सर खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, लिहा, तिसऱ्या पिढीत जीन टिकला नाही.

माझा संताप झाला. मी आवाज चढवला असेन. तुम्हीच शिकवलं ना, असणं वेगळं, बोलणं वेगळं. आणि आता तुम्हीच खोटं लिहायला सांगता? तुमचं अख्खं आयुष्य आहे हे. ते वळले आणि एकदाच माझ्याकडे बघून म्हणाले, ‘मी प्रत्येक पानाचा वास घेतला होता, बाई. मी आपलं म्हणालो होतो.’

मला वाटलं, अहंकार. म्हाताऱ्याला स्वतःच्या नाकापुढे दुसरं काही दिसत नाही. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. देवकाबाईला विचारायला त्यांनी मला मनाई केली, आणि स्वतःही विचारलं नाही. कागद त्यांच्या सहीनं वर गेला. वरच्या ऑफिसानं काही फार दुःख केलं नाही. फळ तर नव्हतंच, आता जीनही टिकत नाही म्हटल्यावर प्लॉट बंद करायला त्यांना निमित्त मिळालं. झाडं उपटून जाळायचा हुकूम आला.

जाळायचा दिवस थंडीचा होता, आकाश मळकट. बाहेर धान कापून झालेलं, बांध्या उघड्या पडलेल्या. जेसीबी आणला होता, त्यानं मुळासकट उपटून झाडं खड्ड्याजवळ आणून टाकली. आजी सगळ्यात आधी गेली. मला वाटलं होतं सर तिच्याजवळ उभे राहतील. ते दूर, लॅबच्या पायरीवर बसून राहिले, मांडीवर हात ठेवून, एसटीची वाट पाहणाऱ्या माणसासारखे. गोंदियाहून आलेला माणूस डिझेल ओतत होता, त्याला घाई होती.

देवकाबाई ढिगाजवळ उभी होती. एका झाडाच्या फांदीला हात लावून रडत होती. मीही रडतच होते, म्हटलं, जाऊ द्या बाई, आता काय करता. तर ती म्हणाली, ‘हे त माह्या घरचं होय वो.’

मी विचारलं, कोणतं?

‘हे. अन ते दोन वाळून गेले थे. अंगनातल्या जामाचे होय. साहेब दवाखान्यात होते ना, तवा रांगेतले काही वाळून गेले. मी लय पानी घातलं, नाई वाचले. अन रांगेत खाडे पडले, जागा खाली रायल्या. धानाच्या रोवन्यात आमी बांदीत खाडा ठेवत नाई, बाई. खाडा रायला का घरचं मानूस जाते. इकडं साहेब नळीवर. मले मोठा भेव लागला. मंग पानी पडताच घरच्या गुट्या आनून लावल्या अन खाडे भरून टाकले.’ तिनं पदरानं डोळे पुसले. ‘वाचले ना साहेब?’

मी विचारलं, वाळलेली झाडं कुठे टाकली? कोणाला दिली का? ती म्हणाली, कोनाले देऊन? उपटले, चुलीत घातले, एक काडी नाई ठेवली. मी विचारलं, मग सांगितलं का नाही इतके दिवस? देवकाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की हे काय विचारणं झालं.

‘कायले सांगू? साहेबानं येऊन एकेकाचा वास घेतला. तुमी होते ना तेथीसा. माह्या झाडाचाबी घेतला अन आपलं म्हनलं. साहेबाचं नाक कधी चुकते का? मले वाटलं, त्याईले समजलं. समजून पदरात घेतलं.’

मी पायरीकडे गेले ते जवळजवळ पळतच. ढिगाला आग लागली होती, ओला पाला तडतडत होता, पांढरा धूर खाली बसून आमच्याकडे येत होता. मी सरांना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं ना, ती झाडं आपली नव्हती?

सरांनी मान हलवली. पट्टी आली नाही त्याच दिवशी कळलं, म्हणाले. मग त्यांनी हळू आवाजात जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण ते तुटक तुटक बोलत होते. आपली झाडं नसतील तर आपली गेली कुठे, हा पुढचा प्रश्न आला असता. प्लॉटमधली प्रत्येक काडी हिशोबातली. चौकशी बसली असती. चावी देवकाबाईकडे होती, तिला उभं केलं असतं, आणि तिच्या अंगणापासून सुरू करून गावातला एकूण एक जाम तोडून नेला असता, प्लॉटमधलं एखादं झाड बाहेर लागलं असेल म्हणून. आणि हे सगळं व्हायचं कारण काय, तर मी, असं सर म्हणाले. मी ती झाडं दारातच ओळखायला हवी होती.

मग ते थांबले आणि म्हणाले, ‘मला वास येत नाही, बाई. दवाखान्यातून आल्यापासून. कशाचाच नाही.’

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. एवढे दिवस हा माणूस रिकाम्या नाकानं आपलं, आपलं म्हणत फिरला होता. कोणाला सांगायची लाज वाटली असेल, की सांगितलं तर खरं होईल असं वाटलं असेल, देव जाणे. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. पण देवकाबाईनं सांगितलेलं गिळून टाकणंही मला जमलं नाही. मी सांगितलं. खाडे, रोवणा, नळी, सगळं. आणि हेही सांगितलं की वाळलेली झाडं तिनं तेव्हाच चुलीत घातली होती, एकही बाहेर गेलं नव्हतं.

‘सगळी?’ सरांनी विचारलं.

मी म्हटलं, सगळी.

‘चुलीत.’

हो म्हटलं. चुलीत.

नियमही तेच सांगत होता. मेलेलं झाड जाळून टाकायचं. तोडायला बाहेर काही नव्हतंच. झाडं वाळली, जाळली, खाडे पडले, एवढं एका वाक्यात लिहिता आलं असतं. एक ताकीद मिळाली असती, देवकाबाईला पाणी घालण्यापुरतं ठेवलं असतं, आणि खऱ्या नाती, ज्यांची पानं शेवटच्या दिवसापर्यंत निळी येत होती, त्या उभ्या राहिल्या असत्या. टिकला होता तो जीन. जिथं जिथं होता तिथं तिथं टिकला होता. सरांनी फक्त देवकाबाईला विचारायचं होतं. विचारलं नाही, कारण तिला वाचवायचं होतं. आणि तिनं सांगितलं नाही, कारण तिनं त्यांना वाचवलं होतं.

मी हे सांगायची गरजच नव्हती, सरांच्या तोंडावर ते दिसत होतं. तिकडे देवकाबाई एकटीच आगीसमोर उभी होती आणि डिझेलवाला तिला हिंदीत ओरडत होता, माताजी, पीछे हटो. ती हटत नव्हती. सर तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं उठून जातील तिच्याजवळ. ते म्हणाले, तिला यातलं काही सांगू नका. मग म्हणाले, भाकरी चांगली करायची.

वारा फिरला आणि धूर सगळा आमच्या अंगावर आला. मी पदर नाकाला लावला. सर तसेच बसून होते, धुरात, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुराचंही असेल.

‘बाई,’ त्यांनी विचारलं, ‘आत्ता कोणतं जळतंय?’

मी पदर खाली घेतला. तोंड थोडं उघडं ठेवलं, त्यांनी शिकवलं होतं तसं. डिझेल येत होतं, ओली माती येत होती, हिरव्या पाल्याचा कडू धूर येत होता. त्यात आजी कुठली आणि देवकाबाईच्या अंगणातला जाम कुठला, हे मलाच काय, पूर्वीच्या सरांनाही सांगता आलं नसतं.

मी म्हटलं, ‘आपलं, सर.’

त्यांनी मान हलवली. मग नाक वर केलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.